ही ओळ वरच राहू द्या

तिनं फाइल सेव्ह केली आणि वरची ओळ खाली गेली. तिनं ओळ उचलून पुन्हा वर ठेवली, सेव्ह केली. ओळ पुन्हा खाली. तिसऱ्यांदा वर ठेवली आणि सेव्ह न करता हात मांडीवर घेऊन नुसती बघत बसली.

"ताई, कुणाशी भांडताय?" शेजारच्या खुर्चीतून छापखानेवाल्यांनी विचारलं.

"लिंटरशी."

"कोण जिंकतंय?"

"मी सात महिने नोटिशीवर आहे आणि अजून इथंच बसलेय. तुम्हीच सांगा."

छापखानेवाले हसले नाहीत. पंचेचाळिशीचा माणूस, सतरा वर्षं छापखान्यात काढली, छापखाना बंद पडल्यावर घरी बसून प्रोग्रामिंग शिकला आणि तिच्या जागेवर आला. दोन महिने झाले तरी खुर्चीच्या काठावर बसायचा, कुणी उठ म्हणेल की काय अशा बेतानं.

प्रत्येक फाइलच्या डोक्यावर दहा-वीस ओळी असतात. मला हे लागेल, ते अमक्याकडून आणा. मला ते लागेल, ते तमक्याकडून आणा. त्यांना इम्पोर्ट म्हणतात. इतकी वर्षं ज्याला जशी आठवण झाली तशा त्यानं त्या लिहिल्या होत्या. आता त्या सगळ्या फाइलींत एकाच शिस्तीत दिसाव्यात म्हणून लिंटर बसवला होता. लिंटर चूक शोधत नाही, पसारा शोधतो. ओळी इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं लावायच्या, एवढंच त्याला कळतं, आणि जे कळतं ते तो कुणाच्या बापाचं न ऐकता करतो.

समोरच्या भिंतीवर मोठा पडदा होता. त्यावर चारशे बारा चौकोन, एका फाइलीला एक. लिंटरचं समाधान झालं की चौकोन हिरवा. चारशे अकरा हिरवे झाले होते. उरलेला लाल चौकोन तिचा होता, आणि त्या फाइलीतल्या त्या ओळीशेजारी एक टीप होती. ही ओळ वरच राहू द्या. का ते मला विचारा.

मला म्हणजे कुणाला, हे सगळ्या मजल्याला ठाऊक होतं.

ती फाइल रुग्णालयांच्या नवजात विभागातल्या यंत्राची. बाळाला काट्यावर ठेवायचं, वजनाचा आकडा यंत्रात यायचा, आणि शेजारच्या रकान्यात औषध किती द्यायचं तो आकडा. औषधाचा आकडा काढणारा भाग म्हणजे 'डोस'. वजन किलोत आहे, असं सांगणारा भाग म्हणजे 'युनिट्स'. डोस जागा होताना एकदाच विचारतो, वजन कशात आहे? त्या क्षणी कुणी सांगितलेलं नसेल तर तो आपल्या मनानं पौंड धरतो, आणि मग युनिट्सनं मागून कितीही कंठशोष केला तरी ऐकत नाही. म्हणून युनिट्सची ओळ आधी हवी. पण इंग्रजीत डी चौथा आणि यू कुठच्या कुठे तळाशी. लिंटर डोसला वर बसवणार. मग तीन किलोचं बाळ यंत्राला दीड किलोचंही वाटणार नाही, आणि त्याला औषध जाईल निम्म्याहून कमी. कुठं घंटा वाजणार नाही, पडद्यावर लाल अक्षरं येणार नाहीत. बाळ फक्त बरं होणार नाही.

डोसला हात लावता येत नव्हता. तो तपासणी खात्यानं मंजूर केलेला, एक अक्षर बदललं की पुन्हा सहा महिन्यांची तपासणी. ही फाइल सोडून दे, असं लिंटरला सांगता येत होतं. पण सोडलेल्या फाइलीचा चौकोनसुद्धा पडद्यावर लालच दिसे.

"मॅडम, जरा मत्स्यालयात येता?"

मत्स्यालय म्हणजे काचेची खोली. बोलावणारे साहेब. त्यांना सगळा मजला मागून सिग्नल म्हणायचा, कारण त्यांना लाल आणि हिरवा एवढेच दोन रंग दिसत. काचेचं दार लागलं की बाहेरचा आवाज बंद होई आणि बाहेरच्यांना आतल्यांची नुसती तोंडं हलताना दिसत.

"एकच राहिलाय," सिग्नल म्हणाले.

"तो राहू द्या, सर. त्याला कारण आहे."

"कारण तुमच्याजवळ. मी वरच्यांना काय दाखवू? एवढा स्वच्छ पडदा आणि मधेच एक लाल. पुढचा दात पडल्यासारखं दिसतं."

"सर, तिथं बाळांच्या औषधाचा प्रश्न आहे."

"म्हणूनच तर तुम्हाला सोडवत नाही ना!" ते मनापासून म्हणाले, कौतुक केल्यासारखं. "लाल आहे म्हणजे हँडओव्हर अपुरा. हँडओव्हर अपुरा तर रिलिव्हिंग लेटर कसं देणार? नियम मी केलेला नाही."

"मग कुणी केला?"

"सिस्टिमनं."

"आणि सिस्टिम कुणी केली?"

"तुम्हीच की. निदान निम्मी." ते हसले, घड्याळ बघितलं, उठले. "शुक्रवारी सहापर्यंत बघा. नाहीतर आणखी एक महिना थांबाल, दुसरं काय! तुमच्यावाचून आमचं अडतंच."

एक महिना. सोमवारी दुसऱ्या गावात तिला ते पत्र घेऊन नव्या कामावर हजर व्हायचं होतं. तिथल्या लोकांनी तारीख दोनदा पुढं ढकलून दिली होती आणि तिसऱ्यांदा फोनवरची बाई फक्त म्हणाली होती, "मग आम्हाला दुसरं कुणी बघावं लागेल." नवरा आणि मुलगी सहा महिन्यांपूर्वीच तिकडं गेले होते, शाळा सुरू होते म्हणून. आई पंधरा दिवसांत येईल, असं ठरलं होतं. दोन खोल्यांच्या घरात तिच्याजवळ आता एक गादी, एक पातेलं आणि बांधून ठेवलेली नऊ खोकी होती. हव्या त्या वस्तू नेमक्या खोक्यांत होत्या. दर वेळी दोरी सोडायची, वस्तू काढायची, पुन्हा बांधायची. मागच्या महिन्यापासून तिनं दोरी सोडणं बंद केलं होतं; चमचा लागला तर हातानं खायची.

संध्याकाळी फोन आला.

"अगं, गाडीचं तिकीट काढू का नको?" नवऱ्यानं विचारलं.

"शुक्रवारी कळेल."

"तू मागच्या वेळीही शुक्रवारच म्हणाली होतीस."

"मग मी काय करू? पळून येऊ?"

"मी तसं म्हणालो का?" त्यानं मुलीला हाक मारली. "घे, हिच्याशी बोल."

मुलगी आली. सात वर्षांची. आधी धावत यायची. आता पावलांचा आवाज सावकाश आला.

"आई, माझा पुढचा दात पडला."

"हो? जपून ठेव, मला दाखवायला."

"टाकून दिला. तू कधी येणार ते माहीत नव्हतं ना." बोलण्यात रुसवा नव्हता, नुसती माहिती होती. "बाबा वेणी घालायला शिकला. वाकडी येते, पण येते."

फोन ठेवल्यावर ती एका खोक्यावर बसली. खोकं मऊ निघालं, आत हिवाळ्यातले कपडे असावेत. हिवाळा होऊन गेला होता.

गुरुवारी सकाळी छापखानेवाल्यांनी खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"ताई, दोन महिने तुम्ही मला सगळं शिकवलंत. त्या ओळीचं तेवढं राहिलंय. विचारलं की म्हणता, शेवटी सांगते. परवा तुमचा शेवट आहे."

"उद्या."

"तेच. उद्या."

तिनं सांगितलं. युनिट्स, डोस, किलो, पौंड. पाणी पिऊन होईपर्यंत सांगून झालं.

छापखानेवाल्यांनी मान तिरकी करून ऐकलं. मग म्हणाले, "एवढंच?"

तिनं भांडं टेबलावर ठेवलं. जरा जोरातच ठेवलं गेलं. "हो. एवढंच."

"या लिंटरला शब्दांचा अर्थ कळत नाही ना? नुसती अक्षरं बघतो?"

"नुसती अक्षरं."

"आम्ही टेलिफोनचं पुस्तक छापायचो. त्यात एक कुलपं दुरुस्त करणारा होता. दरवर्षी यायचा आणि दुकानाच्या नावापुढं आणखी एक ए जोडून घ्यायचा, बाकीच्यांनी त्याला मागं टाकू नये म्हणून. शेवटी चार ए झाले. नाव वाचायला गेलं की डॉक्टरला घसा दाखवल्यासारखं वाटायचं. पण यादीत पहिला." ते पहिल्यांदाच खुर्चीत मागं रेलले. "युनिट्सच्या नावाआधी एक ए लावा. तोच आपल्या हातानं वर ठेवील."

तिनं नाव बदलून पाहिलं. सेव्ह केलं. ओळ वर राहिली. पुन्हा सेव्ह केलं. वरच. वजन एक किलो घालून पाहिलं. औषध पाच आलं. किलोला पाच, बरोबर.

तीन मिनिटं लागली होती. तिची या इमारतीत आठ वर्षं झाली होती.

ती उठून खिडकीशी गेली. त्या मजल्यावरची एकही खिडकी उघडत नसे, हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, तरी तिनं चौकटीवरून बोटं फिरवली, कुठं खटका आहे का बघितल्यासारखी. मग परत आली.

"मी टीप लिहून देते," ती म्हणाली. "उद्या कुणीतरी शहाणा येईल आणि म्हणेल, हा ए कशाला, काढून टाका. कारण सगळं लिहून ठेवायला हवं."

तिनं पाच ओळी लिहिल्या. किलो, पौंड, निम्म्याहून कमी, सगळं. पूर्णविराम देताना तिचा हात थांबला नाही. मग तिनं सगळं त्यांच्या हवाली केलं, कारण हँडओव्हरचा नियम तसा होता. बदल नव्या माणसानं दाखल करायचा आणि जुन्यानं शेवटची मंजुरी द्यायची.

नवऱ्याला तिनं दोनच शब्द पाठवले. तिकीट काढ.

शुक्रवारी पाच वाजून चाळीस मिनिटांनी तो बदल तिच्यापुढं आला. पिशवी पायाशी होती. गाडी साडेसातची. तिनं घाईघाईनं वाचायला घेतलं. नाव बदललेलं. ओळ वर. टीप.

ही ओळ वरच राहू द्या. का ते मला विचारा.

तिला वाटलं, चुकून जुनी राहिली. ती उठून त्यांच्या टेबलाशी गेली.

"टीप बदलायची राहिली तुमची."

"राहिली नाही," छापखानेवाले पडद्याकडे बघतच म्हणाले. "तुमची लावली होती. मग काढली."

"का?"

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. मजला निम्मा रिकामा झाला होता. "पुढच्या महिन्यात काढून टाकायच्या लोकांची यादी निघणार म्हणतात. नवे आधी. मला दोन मुलं आहेत, ताई."

"मला एक आहे. आणि त्या विभागात रोज चाळीस असतात."

"ओळ हलवलीय का मी? वरच आहे. मी इथं आहे तोवर तिला कुणी हात लावणार नाही."

"आणि तुम्ही नसलात तर?"

"तेच तर." आता त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "मी नसलो तर काय होईल, हे त्यांना कळायला नको का? छापखाना बंद झाला तेव्हा मालकानं सतरा वर्षांची शाबासकी दिली आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. माझ्यावाचून एक पान अडलं नाही. एकसुद्धा."

"लाज वाटत नाही?"

"वाटते ना."

"मी परत लिहिते ती टीप. आत्ता."

"लिहा. सोमवारी मी काढीन." त्यांच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता. जाताना दार लावून घेईन, असं म्हणावं तसे ते म्हणाले. मग त्यांनी आपला पडदा तिच्याकडे वळवला. "रागावू नका. नाव बदलताना त्या फाइलीच्या जुन्या नोंदी चाळल्या. कोणी काय कधी बदललं, सगळं राहतं त्यात, तुम्हीच शिकवलंत. ही बघा पहिली टीप, आठ वर्षांपूर्वीची. पाच ओळींची. किलो, पौंड, सगळं आहे. मिठाचा पुडासुद्धा आहे. आणि सव्वीस दिवसांनी कुणीतरी ते पुसलंय आणि लिहिलंय, का ते मला विचारा."

'कुणीतरी' हा शब्द त्यांनी इतर शब्दांसारखाच उच्चारला.

तिनं ती नोंद आठ वर्षांत उघडली नव्हती. उघडायची गरज नव्हती. यंत्राची पहिली चाचणी होती तेव्हा तीच नवी होती, टापटिपीची हौस होती, आणि तिनं आपल्या हातानं त्या ओळी अक्षरांच्या क्रमानं लावल्या होत्या, कुणी सांगितलं नसताना. नवजात विभागातल्या सिस्टरनं बाळाऐवजी काट्यावर मिठाचा एक किलोचा पुडा ठेवला. वजन एक आलं. औषध सव्वादोन आलं. "कॉम्प्युटरबाई," सिस्टर म्हणाली होती, "हे बाळाला द्यायचंय का बाहुलीला?" त्या दिवशी परत येऊन तिनं ओळ वर नेली आणि पाच ओळी लिहिल्या. मग महिन्याच्या शेवटी यादी निघाली. अकरा खुर्च्या एका दुपारी रिकाम्या झाल्या. दुसरी यादी येणार, असं सगळे म्हणत होते. तिला पाचवा महिना होता. आणि दुसरी यादी आली तेव्हा सिग्नल, तेव्हा त्यांचे केस काळे होते, म्हणाले होते, हिला राहू द्या, हिच्यावाचून ती फाइल कुणाला कळत नाही.

राहू दिलं. आठ वर्षं राहू दिलं.

"मॅडम!" मत्स्यालयाच्या दारातून सिग्नलनी हाक मारली. "सहाला दहा कमी. होतंय ना?"

छापखानेवाल्यांनी हात मांडीवर घेतले होते.

ती आपल्या जागेवर आली, बसली नाही. उभ्यानंच मंजुरीचं बटण दाबलं.

भिंतीवरचा लाल चौकोन हिरवा झाला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. सिग्नलनी पडद्याचा फोटो काढला, मग दोन पावलं मागं जाऊन आणखी एक काढला. "बघा," ते तिला म्हणाले, "उगाच इतके दिवस अडून बसलात." रिलिव्हिंग लेटर त्यांच्याजवळ आधीच छापून तयार होतं. तारीख तेवढी हातानं घातली.

खाली फाटकावरच्या रखवालदारानं कार्ड मागितलं. तिनं गळ्यातून काढून दिलं. त्यानं ते खणात टाकलं, तिथं आधीची बरीच होती.

"आता परत आत नाही येता येणार, बाई. काही राहिलं असलं तर आत्ताच सांगा."

"माझं नाही राहिलं."

दांडा फिरला आणि ती रस्त्यावर आली. संध्याकाळचं ऊन समोरच्या दुकानांच्या पाट्यांवर होतं. माणसं कामावरून सुटून चालली होती, कोपऱ्यावर रिक्षा उभ्या होत्या. नवऱ्याचा फोन वाजत होता. तिनं तो वाजू दिला, थांबल्यावर दुसरा नंबर लावला.

"काय कॉम्प्युटरबाई! कशी आठवण झाली?" मागं एक बाळ रडत होतं, दुसरं त्याला साथ देत होतं.

"सिस्टर, तुम्ही तो मिठाचा पुडा अजून ठेवता का काट्यावर?"

"रोज सकाळी. पुडा बदलला आतापर्यंत चार वेळा, मी तीच आहे. एक किलो दाखवलं की मग पुढचं काम. का गं?"

"कागद घ्या."

"थांब. हं, सांग."

"वजन एक येईल. ते नेहमीच एक येईल, त्याच्यावर जाऊ नका. शेजारचा औषधाचा आकडा बघायचा. तो पाच आला पाहिजे."

"पाच. बरं."

"कधी सव्वादोन आला तर यंत्र बंद करायचं. त्या दिवशी हातानं मोजून औषध द्यायचं, पूर्वी द्यायचात तसं. आणि हे दुसऱ्या पाळीच्या सिस्टरना सांगा. भिंतीवर लिहून ठेवा. मोठ्या अक्षरांत, कारणासकट. पुडा एक किलोचा, म्हणून पाच. सव्वादोन म्हणजे यंत्र किलोला पौंड समजतंय."

पेन कागदावर चाललेलं तिला ऐकू येत होतं. सिस्टर लिहिताना शब्द पुटपुटत होती.

"लिहिलं," सिस्टर म्हणाली. "आणि असं झालं तर कुणाला विचारायचं? तुला फोन करू ना?"

गाडीचा अड्डा डाव्या हाताला होता. ती तिकडं वळली, मग पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"नको," ती म्हणाली. "कुणालाच विचारायचं नाही. बंद करायचं."